गादी कंपनीचा स्मृतिदिन

गाद्या बनवणाऱ्या कंपनीने देशासाठी प्राण दिलेल्यांविषयी चारचौघांत काही बोलावं की गप्प बसावं, असं मला आता कोणी विचारलं तर मी सरळ हात जोडतो. पूर्वी मी असा नव्हतो. पूर्वी मला प्रत्येक विषयावर मत असे, आणि विचारणाऱ्याने फार वेळ लावला तर मी ते न विचारताच देऊन मोकळा होत असे. माझ्या बायकोकडे या सवयीसाठी एक नेमका शब्द आहे. तो इथे लिहिण्याचं कारण नाही.

मी आमच्या कंपनीचा तक्रार विभाग आहे. विभागात आहे असं नव्हे, विभाग म्हणजे मीच. गादी मधोमध खचली, गादीला रबराचा वास येतो, तुमच्या गादीवर झोपायला लागल्यापासून नवरा घोरतो, अशा सगळ्या लोकांना सभ्य भाषेत उत्तरं देणं हे माझं काम. माणसांची झोपमोड इतकी वर्षं कागदावर निस्तरल्यामुळे माझ्या भाषेला एक वजन आलं आहे, असं माझं मत आहे. कंपनीत कोणाला निरोपाच्या भाषणाच्या चार ओळी हव्या असोत की घरमालकाला कडक पत्र लिहायचं असो, पावलं माझ्याच टेबलाकडे वळतात. ऑफिसात मला सगळे काका म्हणतात. फक्त काठमावशी मला 'तक्रारसाहेब' म्हणतात, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला अजून कळलेलं नाही.

काठमावशी म्हणजे गादीचा काठ शिवणाऱ्या मावशी. गादी तयार झाली की वरचं कापड आणि खालचं कापड जिथे भेटतं तिथे गोल पट्टी शिवावी लागते, आणि ती जर वाकडी गेली तर गादी कितीही चांगली असली तरी गबाळी दिसते. तक्रार होऊन परत आलेली प्रत्येक गादी उसवून पुन्हा शिवायला मावशींकडेच जाते, त्यामुळे माझं त्यांच्याकडे रोजचं जाणं. माझ्यामागून गादी येताना दिसली की त्या म्हणतात, "आला वाटतं अपशकुन." गादीला म्हणतात की मला, हेही मी विचारलेलं नाही.

आमच्याकडे स्मृतिदिन असतो. लढाईत पडलेल्यांचा दिवस. त्या दिवशी कारखाना बंद असतो. इतकी वर्षं कंपनीने त्या दिवसाबद्दल एवढंच केलं होतं, की दिवस बंद ठेवला. लोक उशिरापर्यंत झोपत. गादी कंपनीला हे शोभूनही दिसत होतं, आणि कोणाची काही तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला कळलीच असती.

घोटाळा केला समोरच्या पंख्याच्या कंपनीने. रस्त्याच्या पलीकडे त्यांचा कारखाना आहे. मागच्या वर्षी स्मृतिदिनाला त्यांनी दोन मजली उंचीचा फलक लावला. फलकावर सैनिक, सैनिकामागे झेंडा, आणि झेंड्याच्या बाजूला त्यांचा नवा टेबलफॅन. झेंडा त्यांच्याच वाऱ्यावर फडकतोय असं ते चित्र होतं. मला ते बघून लाज वाटली. पण लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते.

आमच्या जिन्यासमोरच्या घरात एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. त्यांनी मला दारातच गाठलं.

"पंखेवाल्यांनी वंदन केलं. तुमची कंपनी गप्प का?"

"आम्ही सुट्टी देतो," मी म्हणालो.

"सुट्टी कोणाला दिसते का? फलक दिसतो. उद्या लोक म्हणतील, गादीवाल्यांना देशाचं काही पडलेलं नाही."

खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य त्याच वेळी कुलूप लावत होते. ते म्हणाले की त्यांनी आपल्या परीने केलं आहे. काय केलं, तर स्मृतिदिनानिमित्त आठवडाभर दात काढण्यात सवलत. पोस्टमास्तरांनी मान डोलावली. मी घरात आलो आणि हे सगळं बायकोला सांगितलं.

"ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला फलक लागत नाही," ती म्हणाली, "आणि ज्याच्या घरातलं गेलं नाही त्याने कशाला लावायचा?"

मी विषय बदलला.

पण पोस्टमास्तरांचाच प्रश्न धाकट्या मालकांनाही कोणीतरी जिन्यात विचारला असावा. या वर्षी स्मृतिदिन जवळ आल्यावर त्यांनी बैठक बोलावली. धाकटे मालक मनाने वाईट नाहीत. वडिलांचा कारखाना हाती आल्यापासून आपण काहीतरी करून दाखवलं पाहिजे, या काळजीत ते असतात, आणि ती काळजी ते बैठका घेऊन कमी करतात.

"या वर्षी आपणही जाहीर वंदन करायचं," ते म्हणाले. "फलक, कार्यक्रम, सगळं. पण आपलं आणि त्या दिवसाचं काही नातं पाहिजे. पंखेवाल्यांच्या मॅनेजरचे काका सैन्यात होते. आपल्याकडे कोण आहे?"

सगळे टेबलाकडे बघायला लागले. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, "आहे की. काठमावशींचा मुलगा सीमेवर लढताना गेला."

मला ते ठाऊक होतं, कारण एकदा एक गादी उसवताना मावशींनी ते सहज सांगितलं होतं. 'आमचा सीमेवर गेला', एवढंच. मग म्हणाल्या होत्या, "पट्टी नीट धरा." मी पट्टी नीट धरली होती आणि पुढे काही विचारलं नव्हतं. तेच मी आता भर बैठकीत, परीक्षेत बरोबर उत्तर दिल्याच्या थाटात बोलून बसलो. धाकट्या मालकांचे डोळे चमकले. ते उठून माझ्या खुर्चीपर्यंत आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"काका, हा कार्यक्रम तुमचा. भाषा तुमची. फलक तुमचा. सूत्रसंचालनही तुमचंच."

मी संकोच दाखवला. तो सगळ्यांना दिसेल इतका होता आणि पटेल इतका नव्हता.

पहिली अडचण मजकुराची. तुम्हाला वाटेल, त्यात काय आहे. गादी कंपनीत बसून शहिदांवर दोन ओळी लिहून बघा. मी पहिल्या रात्री लिहिलं: 'तुम्ही जागलात म्हणून आम्ही झोपलो.' मला स्वतःला गहिवरून आलं. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "हा कबुलीजबाब वाटतो." धाकट्या मालकांनी स्वतः एक ओळ सुचवली, तीत 'चिरनिद्रा' होती. त्या शब्दाखाली आमच्या कंपनीचं चिन्ह, म्हणजे ढगावर झोपलेला चंद्र, कसा दिसेल हे मी त्यांना काढून दाखवलं. त्यांनी आपली ओळ मागे घेतली. मग मी झोप, जाग, विश्रांती, निवांत, उशी आणि रात्र हे सगळे शब्द वर्ज्य करून लिहायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की आपल्याला दुसरं फारसं काही येतच नाही. शेवटी फलकावर एकच शब्द ठेवला: 'स्मरण'. सगळ्यांना तो फार आवडला. फलकवाल्याने नमुना पाठवला तेव्हा त्याखाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आजच घरी न्या!' तो म्हणाला, तुमच्या कंपनीच्या फलकांना ही ओळ खाली आपोआप येते.

दुसरी अडचण परवान्याची. नगरपालिकेच्या परवाना खिडकीवरचा कारकून नमुना बघून म्हणाला, "यावर कंपनीचं नाव आहे. म्हणजे ही जाहिरात झाली. स्मृतिदिनाच्या आठवड्यात चौकात जाहिरातीला मनाई आहे."

"जाहिरात नाही हो, वंदन आहे."

"मग नाव काढा."

मी नाव काढून दुसरा नमुना नेला. तो म्हणाला, "हा कोणाचा फलक?"

"आमचा."

"कुठे लिहिलंय? बेवारस फलक लावता येत नाही. वंदन करणारा कोण ते जनतेला कळलं पाहिजे."

"नाव टाकलं तर जाहिरात होते म्हणालात."

"होतेच," तो शांतपणे म्हणाला. "तेवढ्यासाठी मी नियम बदलू का?"

माणूस उद्धट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. खुर्चीवर मागे रेलून तो खरंच विचारात पडला. नाव बारीक टाकलं तर? पण मग नियम असा निघाला की फलकावरचं प्रत्येक अक्षर रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे. नाव किती मोठं म्हणजे वंदन आणि किती मोठं म्हणजे विक्री, यावर आम्ही दोघांनी, आणि मागच्या रांगेतल्या लोकांनीही, मनापासून चर्चा केली. एका गृहस्थाने सुचवलं की नाव मागच्या बाजूला लिहा. शेवटी कारकून म्हणाला, "खरं सांगू का? तुमच्या स्वतःच्या फाटकाच्या आत काय लावता ते आम्ही बघत नाही." अशा रीतीने आमचं जाहीर वंदन कारखान्याच्या अंगणात आलं.

आता अंगणात कार्यक्रम म्हटला की बघायला माणसं पाहिजेत. माणसं पाहिजेत म्हणजे कामगार पाहिजेत. आणि कामगार यायचे म्हणजे सुट्टी रद्द. सूचना मीच लिहिली. 'स्मृतिदिनाचे महत्त्व लक्षात घेऊन यंदा सुट्टी रद्द करण्यात येत आहे' हे वाक्य लिहिताना मला काही खटकलं नाही, याचं मला आज नवल वाटतं.

सूचना लागली त्याच दुपारी काठमावशी माझ्या टेबलापाशी आल्या. त्या आपलं मशीन सोडून वर ऑफिसात कधी येत नाहीत. चष्मा कपाळावर ढकललेला, हातात कात्री तशीच.

"तक्रारसाहेब, माझी एक तक्रार आहे."

"बसा ना मावशी."

"बसायला वेळ नाही. त्या दिवशी मला जायचं असतं. टेकडीवर स्मारक आहे, दुसऱ्या गावाला. भिंतीवर त्यांची नावं कोरली आहेत. घरच्यांना आतपर्यंत त्या एकाच दिवशी सोडतात, आणि दुपारी फाटक बंद करतात. मी सकाळची बस धरते. इतकी वर्षं एकदाही चुकलेली नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि आता मालक म्हणतात, मी स्टेजवर बसायचं. हे त्यांना कोणी सांगितलं?"

मी पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. "माझ्याकडूनच गेलं बोलण्यात."

त्यांनी कात्री माझ्या टेबलावर ठेवली. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी घाईघाईने सांगितलं की कार्यक्रम सकाळी लवकर आहे, आटोपशीर आहे, संपल्याबरोबर कंपनीची मोटार त्यांना थेट टेकडीवर सोडेल, बसपेक्षा लवकरच पोचतील. धाकट्या मालकांनी तसं कबूल केलं आहे. त्यांनी ते खरंच कबूल केलं होतं.

"फाटक बंद व्हायच्या आत पोचवाल?"

"शब्द देतो."

"तुमचा शब्द म्हणजे त्या पत्रांतल्यासारखा? 'आपली गैरसोय लवकरच दूर होईल'?"

"नाही मावशी. हा खरा."

"बसते मग," त्या म्हणाल्या. "तुमचं हे पडलेलं तोंड बघवत नाही म्हणून बसते."

घरी हे सांगितल्यावर बायकोने पोळपाट-लाटणं बाजूला केलं. "म्हणजे ज्या एका माणसाचा तो दिवस आहे, त्याचाच तुम्ही काढून घेतलात," ती म्हणाली. मी म्हणालो, मोटार आहे. ती म्हणाली, बघू. त्या रात्री कंपनीची सर्वांत महागडी गादी असूनही माझा डोळा लागला नाही.

स्मृतिदिनाची सकाळ. अंगणात खुर्च्या, स्टेजवर पांढरं कापड, मागे 'स्मरण'. 'आजच घरी न्या' वर मी स्वतः पांढरा कागद चिकटवला होता, फक्त ऊन पडलं की ती अक्षरं मागून थोडी दिसत. कामगार घरच्यांसह आले होते, माझी बायकोही शेवटच्या रांगेत होती. पलीकडे पंखेवाल्यांचे कर्णे सुरू झाले होते. मावशी स्टेजवर मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. साडीची घडी नवी होती, आणि मांडीवर प्रवासाची पिशवी होती. धाकट्या मालकांनी ती पिशवी खाली ठेवायला सुचवलं, फोटोत बरी दिसणार नाही म्हणून. मावशींनी ती दोन्ही हातांनी धरली.

अडलं होतं ते प्रमुख पाहुण्यांसाठी. पाहुणे म्हणजे उद्योजक मंडळाचे अध्यक्ष. त्या दिवशी सगळ्याच कंपन्यांना वंदन करायचं असल्यामुळे अध्यक्ष गावभर एका वंदनाहून दुसऱ्या वंदनाला जात होते, आणि आमच्याकडे यायला निघाले आहेत असा निरोप दर थोड्या वेळाने येत होता. मी माईकवर वेळ काढत होतो. कारखान्याचा इतिहास सांगून झाला. कापसापासून रबरापर्यंतची वाटचाल सांगून झाली. लोक चुळबुळ करत होते. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या फाटकाकडे बघत होत्या, पाहुण्यांची वाट बघत असल्यासारख्या. त्या कोणत्या फाटकाचा विचार करत होत्या हे त्या अंगणात फक्त मला कळत होतं.

मी धाकट्या मालकांच्या कानाशी गेलो. "मावशींना आता पाठवू या. मोटार कुठे आहे?"

"मोटार अध्यक्षांना आणायला गेली," ते कुजबुजले. "आणि काका, पाहुणे यायच्या आत त्यांना कसं सोडायचं? मावशींच्या हस्ते पुष्पचक्र आहे. अजून थोडं. तुम्ही बोलत राहा."

मी माईकपाशी परत आलो. दिलेला शब्द, बायकोचं ते 'बघू', आणि मांडीवरची पिशवी, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मी आयुष्यात मालकांच्या परवानगीशिवाय पंख्याचं बटणही दाबलेलं नाही. तरी माझ्या तोंडून कार्यक्रमपत्रिकेत सर्वांत शेवटी असलेली बाब निघाली.

"आता आपण सर्वांनी आपापल्या जागी उभं राहून, मान खाली घालून, दोन मिनिटं स्तब्धता पाळायची आहे. मी 'धन्यवाद' म्हणेपर्यंत कृपया कोणीही हलू नये, बोलू नये."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. मशीन बंद, लहानमोठे सगळे चिडीचूप. मी माईक अलगद खाली ठेवला, मावशींच्या खुर्चीपाशी गेलो आणि म्हणालो, "चला."

"आत्ता?"

"आत्ताच. आत्ता कोणाला बोलता येणार नाही."

मावशींनी एकदा अंगणाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पिशवी काखेत मारून स्टेजच्या मागच्या पायऱ्या माझ्याही आधी उतरल्या. धाकट्या मालकांनी एक डोळा उघडला होता. त्यांचे ओठ हलले. पण समोर चित्रीकरणवाला होता आणि पुढे सगळा कारखाना मान खाली घालून उभा होता, त्यामुळे त्यांनी डोळा पुन्हा मिटला. असं हतबल झालेलं तोंड मी फक्त गादी परत करायला आलेल्या गिऱ्हाइकांचं पाहिलं होतं.

मागच्या बाजूला गाद्या पोचवायचा टेम्पो उभा होता. ड्रायव्हर आत मालावरच झोपला होता, म्हणून तो स्तब्धतेतून सुटला होता. त्याला हलवून जागं केलं. "दोन मिनिटांत निघायचंय," मी म्हणालो, आणि तो बिचारा काही न विचारता निघाला. मावशी मध्ये, मी कडेला, मागे दुहेरी पलंगाच्या गाद्यांचा भरलेला माल. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मला आठवलं की 'धन्यवाद' म्हणायचं राहिलं आहे.

"मावशी," मी म्हणालो, "ते सगळे उभे आहेत."

"राहू देत," मावशी म्हणाल्या.

माझा फोन खिशात एकदाही वाजला नाही, आणि ते मला जास्त भयंकर वाटत होतं.

टेकडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कंपन्यांचे फलक लागले होते. सिमेंटवाले, बिस्किटवाले, विमावाले. सगळ्यांचं वंदन. मावशी एकाही फलकाकडे बघत नव्हत्या. वळणावर लग्नाच्या वरातीसारखी मोटारींची रांग अडकली होती, पुढच्या एका कंपनीचं शिष्टमंडळ फोटो काढत होतं म्हणून. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून वाट काढली. पोचलो तेव्हा पहारेकरी फाटकाचं एक दार लोटत होता.

"घरचे कोण?" त्याने विचारलं.

"मी. आई," मावशी म्हणाल्या.

"आणि हे?"

मी म्हणालो, "मी कंपनीकडून."

"कंपनीवाल्यांनी त्या बाजूला. तिकडे मांडव आहे."

मी निमूटपणे वळलो. मावशी दाराच्या आत गेल्या होत्या, त्या थांबल्या. "अहो, यांना आत सोडा," त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या. "यांच्यामुळेच मला उशीर झालाय. येऊ दे त्यांना, बघू दे."

या नात्याची त्याच्या नियमांत सोय असावी. त्याने मला आत घेतलं.

भिंत लांब होती. मावशी न शोधता एका जागी जाऊन थांबल्या आणि बोटाने एका नावाचं अक्षर न् अक्षर पुसत गेल्या, गादीच्या काठावरून बोट फिरवून शिवण बघतात तसं. मग मला म्हणाल्या, "हा." मी वाचलं. आमच्या फलकावर कंपनीचं नाव केवढं असावं यावर मी खिडकीपाशी तासभर वाद घातला होता. त्याचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचत होतो. बैठकीत कोणी विचारलं नव्हतं. माझ्या भाषणातही ते नव्हतं, तिथे 'वीर सुपुत्र' असं घातलं होतं. मला रडू आलं, आणि सरळ सांगतो, ते मला आवरलं नाही.

"वाचलंत ना?" मावशी म्हणाल्या. "मग नीट उभे राहा."

मी नीट उभा राहिलो.

येताना त्या म्हणाल्या, पाय दुखतात, मागे आडवी होते. गाद्यांवर पडल्या आणि गावाच्या वेशीपर्यंत उठल्या नाहीत. आमच्या गादीवर कोणी इतकं गाढ झोपलेलं मी प्रथमच बघत होतो. माझ्या खात्यात ही बाजू कधी येत नाही.

मागे काय झालं ते बायकोने घरी सांगितलं. मी राजीनाम्याची भाषा मनात जुळवत आलो होतो. ती शांतपणे चहा गाळत होती.

"दोन मिनिटं झाली," ती म्हणाली. "मग पाच झाली असतील. कोणी हलेना. आधी लोक 'धन्यवाद'ची वाट बघत होते, मग हळूहळू ती वाटही बघेनासे झाले. पाहुण्यांची मोटार आली. पाहुणे उतरले, सगळे उभे दिसले, तेही दार उघडं टाकून तसेच उभे राहिले. पंखेवाल्यांचं लक्ष गेलं तसे त्यांनी कर्णे बंद केले. रस्त्यावरची माणसं थांबली. इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं." तिने गाळणं खाली ठेवलं. "मला बाबा आठवले. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण कामाच्या धबडग्यात असं सलग कधी आठवायला मिळालंच नाही. शेजारची बाई हुंदके देत होती. तिचं कोण होतं कोणास ठाऊक."

"मग संपलं कसं?"

"माझे पाय दुखायला लागले. मी बसले. मग सगळे बसले. भाषणं कोणी केलीच नाहीत. उठून घरी गेले."

"आणि मालक?"

"ते शेवटपर्यंत उभे होते. तुमच्यावर भयंकर चिडलेले दिसत होते, पण मग तेही नाही."

दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांनी मला आत बोलावलं. त्यांच्या खोलीला काचेची भिंत आहे, तिच्यातून खालचा शिवण विभाग दिसतो. मी उभ्याउभ्याच सांगितलं की चूक माझी आहे आणि मी शिक्षेला तयार आहे. माफीची दोन पानं मला पाठ होती.

"शिक्षा?" ते म्हणाले. "काका, गावभर एकच चर्चा आहे! इतक्या कंपन्यांनी कार्यक्रम केले, पण सगळे म्हणतात, खरं स्मरण गादीवाल्यांनी केलं. अध्यक्षांनी स्वतः फोन केला. तुम्हाला हे सुचलं कसं?" मी तोंड उघडलं, पण ते थांबले नाहीत. पुढच्या वर्षी आणखी लांब स्तब्धता. चौकात. आधीपासून घोषणा. आपल्या कंपनीची ओळखच ती. आणि मावशी पुन्हा स्टेजवर, या वेळी आधी त्यांच्या मुलाची ओळख करून द्यायची, म्हणजे लोकांना जवळचं वाटेल. त्यांनी वही पुढे ओढली, पेन उघडलं. "लिहायलाच घेतो. आपले वीर सुपुत्र..."

पेन तिथेच थांबलं.

"नाव काय हो त्याचं?"

मला ते ठाऊक होतं. जिभेवर आलंही होतं. बैठकीत बरोबर उत्तर द्यायची मला किती हौस, हे मघाशी सांगितलंच आहे. मी काहीच बोललो नाही.

धाकट्या मालकांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी फोनवर हात ठेवला, शिवण विभागाला विचारण्यासाठी असावा, आणि हात पुन्हा मागे घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचा उत्साह हळूहळू उतरला. ते तरुण आहेत, त्यांना लाज लपवता येत नाही. वही मिटून ते उठले आणि खाली गेले.

काचेतून मला दिसत होतं. ते मशीनच्या रांगांमधून मावशींपाशी जाऊन उभे राहिले. काहीतरी विचारलं. मावशींनी मान वर केली नाही, मशीन थांबवलं नाही, काठ अर्ध्यात होता. ओठ तेवढे हलले. त्या आवाजात मालकांना ऐकू आलं नसावं. ते खाली वाकले, कान त्यांच्या तोंडाजवळ नेला, आणि मावशींनी पुन्हा सांगितलं.